हात गेलेल्या कारागिराचा दावा आणि आपल्या कारखान्यातले कागद

कारखान्यात अपघात झाला की पहिले आठ दिवस सगळे चांगले वागतात. मालक रिक्षा करून इस्पितळात नेतो, मुकादम रात्री उशाशी बसतो, मोहल्ल्यातली माणसे घरी डबा पोचवतात. कापडाच्या धंद्यात इतकी वर्षे काढल्यावर हे आम्ही खात्रीने सांगू शकतो की या बाबतीत आपला बाजार कमी नाही. पण नवव्या दिवसापासून कागदांचा प्रश्न सुरू होतो आणि तिथे कारागीर एकटा पडतो. चार-सहा महिन्यांनी त्याच्या घरी एक पत्र येते. दावा नामंजूर. नाहीतर दावा मंजूर, पण अपंगत्व पाच टक्के. तो ते पत्र घडी करून पेटीत ठेवतो. सरकारने सांगितले म्हणजे विषय संपला, असे त्याला वाटते.

विषय संपलेला नसतो. त्या पत्रावर अपील चालते आणि अपील करणे हा कारागिराचा हक्क आहे. पण आज आम्हाला लिहायचे आहे ते कारागिराहून अधिक आपल्या व्यापारी व कारखानदार बंधूंसाठी. कारण अपील कारागीर करतो खरे, पण ते टिकेल की पडेल हे आपल्या गल्ल्यामागे ठेवलेल्या वह्यांवर ठरते. आणि नेमक्या त्याच वेळी आपण त्या वह्या बांधून माळ्यावर टाकतो.

आधी रस्ते कोणते ते पाहू. जिथे दहा किंवा अधिक माणसे काम करतात तिथे कर्मचारी राज्य विमा, म्हणजे आपण ज्याला ई.एस.आय. म्हणतो, तो लागतो. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेला कामगार त्यात येतो. ही मर्यादा १ जानेवारी २०१७ पासूनची आहे. १ जुलै २०१९ पासून मालकाची वर्गणी पगाराच्या सव्वातीन टक्के आणि कामगाराची पाऊण टक्का. आजारपणाच्या लाभासाठी काही दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते, पण कामावरच्या अपघाताला ती अट नाही. सकाळी कामाला लागला आणि दुपारी हात सापडला तरी तो हक्कदार. जिथे ई.एस.आय. लागत नाही, म्हणजे चार मागांचा किंवा सहा मागांचा कारखाना, तिथे १९२३ सालापासून दुसरा कायदा होता, नुकसानभरपाईचा. वीज लावून माल काढणाऱ्या कारखान्याला त्यात माणसांच्या संख्येची अट नव्हती. 'आमच्याकडे पाचच माणसे, आम्हाला कायदा लागत नाही' हे वाक्य बाजारात रोज ऐकू येते. अपघाताच्या बाबतीत त्याला आधार नाही.

आता हे दोन्ही कायदे, १९२३ चा आणि १९४८ चा, २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता २०२० मध्ये सामावले गेले आहेत. कलमांचे आकडे बदलले. आयुक्ताच्या जागी 'सक्षम अधिकारी' असा शब्द आला. पण मेडिकल बोर्ड, त्यावरचे अपील, विमा न्यायालय, मालकाने द्यायची भरपाई ही मांडणी कायम आहे. त्या तारखेच्या आधी झालेल्या अपघातांचे दावे जुन्या कायद्यानेच चालायचे. म्हणून खाली आम्ही जुन्या कायद्यातल्या तरतुदी सांगतो आहोत. नवा अपघात असेल त्याने संहितेतले कलम आणि मुदत वकिलाकडून पडताळून घ्यावी.

नामंजुरी दोन तऱ्हेची असते आणि तिथेच पुष्कळ माणसे चुकतात. एक, अपघात कामावरचा नव्हेच असे ठरवले जाते. दुसरी, अपघात मान्य, पण हातात किती टक्के कसर राहिली यावर वाद. पहिल्या तऱ्हेचा वाद कर्मचारी विमा न्यायालयात जातो. जुन्या कायद्यात त्यासाठी तीन वर्षांची मुदत होती. दुसऱ्या तऱ्हेचा वाद आधी मेडिकल बोर्डाच्या निर्णयावर वैद्यकीय अपील न्यायाधिकरणाकडे किंवा सरळ विमा न्यायालयाकडे नेता येतो, आणि त्याला निर्णय कळल्यापासून तीन महिने. तीन महिने म्हणजे किती, ते हात प्लास्टरमध्ये असलेल्या माणसाला विचारावे. सबळ कारण दाखवले तर उशीर माफ होऊ शकतो, पण त्या भरवशावर कोणी राहू नये. पत्र ज्या महिन्यात आले त्याच महिन्यात हालचाल करावी.

आमची तालीम उर्दू शाळेत झाली. मराठी अर्ज आणि इंग्रजी नोटीस वाचायला आम्ही शाळेत शिकलो नाही, धंद्याने शिकवले. आपल्या कारागिरांपैकी कितीतरी जण आजही उर्दू वाचतात, पण ते पत्र वाचू शकत नाहीत. पत्र कोणाला दाखवावे याची लाज वाटते, नाहीतर जो वाचून दाखवतो तो शेवटची ओळ गाळतो. शेवटच्या ओळीतच बहुधा लिहिलेले असते की अमुक दिवसांत अपील करता येईल. व्यापाऱ्याच्या गादीवर बसलेला मुनीम पाच मिनिटांत ते वाचून देऊ शकतो. एवढी खिदमत फुकट आहे.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. अपघाताच्या रात्री इस्पितळात पहिला कागद तयार होतो, केसपेपर. डॉक्टर विचारतो, कसे झाले? आणि अनेकदा कारखान्यातला माणूस कारागिराच्या कानात सांगून ठेवतो की घरी जिन्यावरून पडलो म्हण, पोलिसांचे लफडे नको, आम्ही तुला सांभाळून घेऊ. तो बिचारा तसे सांगतो. सहा महिन्यांनी तोच केसपेपर दाव्यात समोर येतो. पहिल्या रात्री स्वतःच्या तोंडाने 'घरी पडलो' म्हणणाऱ्याला नंतर कितीही साक्षीदार आणले तरी जड जाते. सांभाळून घेणारे मालक तोपर्यंत दुसऱ्या सिझनच्या मालात गुंतलेले असतात. हे आम्हाला सर्वांत वाईट वाटते, कारण यात खर्च एक पैशाचाही नव्हता. खरे सांगायचे होते, इतकेच.

एक मामला सांगतो. गावाचे आणि माणसांचे नाव देत नाही, ती माणसे आजही याच बाजारात बसतात. एका प्रोसेस हाऊसमध्ये कॅलेंडर मशीनच्या रोलमध्ये कापडाबरोबर एका कारागिराचा उजवा हात ओढला गेला. विमा होता, वर्गणी दर महिन्याला कापली जात होती. अपघाताचा रिपोर्ट ताबडतोब जायला हवा, तो गेला पाच आठवड्यांनी. आणि मस्टरवर त्या दिवशी हा माणूस गैरहजर. कारण काय, तर ती रात्रपाळी होती आणि रात्रपाळीची माणसे कच्च्या वहीत लिहायची तिथे पद्धत. दावा नामंजूर झाला. आम्ही त्या कार्यालयाला दोष देत नाही. समोर आलेल्या कागदांवरून दुसरा काय निर्णय होणार? कागदच खोटे बोलत होते.

त्या कारागिराचा मेहुणा शिंपीकाम करतो. शाळा चौथीपर्यंत, पण कागद सांभाळण्यात हुशार. त्याने सरकारी इस्पितळाच्या केसपेपरची नक्कल पहिल्याच आठवड्यात काढून ठेवली होती, आणि तिच्यावर लिहिले होते की मशीनमध्ये हात सापडला, रात्री अडीच वाजता. कच्ची वही मुकादमाकडे होती. मुकादम द्यायला तयार नव्हता, नोकरीची भीती. बाजारातले आम्ही तिघे-चौघे मालकाकडे जाऊन बसलो. मालक माणूस वाईट नव्हता, घाबरलेला होता. त्याला वाटत होते की अपघात कबूल केला तर सगळी भरपाई आपल्या डोक्यावर येईल. त्याला कोणी सांगितलेच नव्हते की ज्या कामगाराचा विमा आहे त्याला मालकाकडून वेगळी भरपाई मागता येत नाही, ई.एस.आय. कायद्याने तो दरवाजा बंद केला होता. म्हणजे खरा रिपोर्ट पाठवण्यात त्याचे नुकसान शून्य होते. हे त्याच्या लक्षात आल्यावर कच्ची वही निघाली, दोन सोबत्यांनी प्रतिज्ञापत्रे दिली, आणि विमा न्यायालयाने अपघात कामावरचाच असल्याचे मान्य केले. नामंजुरीचे पत्र आल्यापासून पैसे हातात पडेपर्यंत पावणेदोन वर्षे गेली. त्या काळात त्याची मोठी मुलगी शाळेतून निघाली. ती पुन्हा गेली नाही.

बरे, ज्या मालकाने कामगाराची नोंदणीच केली नाही तिथे? तिथेही कामगाराचा हक्क बुडत नाही. मालकाने वर्गणी भरली नसेल तर महामंडळाने लाभ द्यावा आणि मालकाकडून वसूल करावा, अशी तरतूद जुन्या कायद्यातच होती. तेव्हा 'तुझे नावच नाही' हे उत्तर ऐकून कोणी परतू नये. फक्त तो तिथे काम करत होता हे दाखवावे लागते. हप्त्याच्या चिठ्ठ्या, मोबाईलवर आलेले पैसे, सोबत्यांची साक्ष, काहीही चालते. जुम्म्याच्या आधी वाटलेल्या हप्त्याची चिठ्ठी आपले कारागीर चहाच्या टपरीवर फेकून देतात, ती फेकू नये.

नामंजुरीचे आणखी एक कारण वारंवार दिले जाते, की कारागिराने चालू मशीनमध्ये हात घातला, चूक त्याचीच. यावर कायदा आपल्या समजुतीपेक्षा उदार होता. ई.एस.आय.मध्ये मालकाच्या कामासाठीच हात घातला असेल तर नियम मोडला म्हणून हक्क जात नव्हता. १९२३ च्या कायद्यात नशा, जाणूनबुजून केलेली अवज्ञा किंवा सुरक्षेचे साधन मुद्दाम काढणे या कारणांनी मालक सुटू शकत होता, पण मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आले असेल तर त्या कारणांनीही नाही. घाई, थकवा, डुलकी, बारा तासांच्या पाळीनंतरचा गाफीलपणा हे जाणूनबुजून केलेल्या अवज्ञेत मोडत नाहीत. तुटलेला तार जोडताना माग बंद करायला आपण किती वेळ देतो, हे आपल्यालाही ठाऊक आहे.

टक्क्यांचा वाद निराळा आणि अधिक बारीक. कायद्याच्या अनुसूचीत ठरलेले आकडे आहेत. अंगठा पूर्ण गेला तर ३० टक्के, तर्जनी पूर्ण गेली तर १४, मधले बोट १२, एका हाताची चारही बोटे गेली तर ५०. एक डोळा गेला आणि दुसरा चांगला असेल तर ४०, डोळा शाबूत पण नजर गेली तर ३०. माग चालवणाऱ्यांना धोटा उडून डोळ्याला लागणे नवीन नाही, म्हणून हे आकडे पाठ असावेत. जे अवयव तुटून गेले त्यांचा वाद कमी होतो. वाद होतो तो शाबूत दिसणाऱ्या हाताचा. बोटे पाचही आहेत, पण वळत नाहीत, पकड नाही, थंडीत ठणकतात. अशा हाताला अनुसूचीत आकडा नाही. बोर्ड पाहून ठरवते, आणि बोर्डासमोर माणूस पाच-दहा मिनिटे उभा असतो. त्या वेळात तो काय सांगतो? 'साहेब, दुखते.' दुखते हे ऐकून टक्के वाढत नाहीत.

सांगायला हवे ते असे, की माझे काम बीमवर तार भरण्याचे आहे, त्याला दोन बोटांच्या टोकांची पकड लागते, ती आता नाही. हाताच्या शल्यचिकित्सकाकडून पकडीची ताकद आणि सांधे किती वळतात याचा लेखी दाखला घेऊन जावे. आणि इथे मालकाचा कागद लाख मोलाचा असतो. हा माणूस आमच्याकडे अमुक काम करत होता, त्या कामात उजव्या हाताने हे-हे करावे लागते, अपघातानंतर त्याला ते जमत नाही म्हणून आम्ही त्याला झाडलोटीवर ठेवले आहे, पगार इतक्याचा इतका झाला. लेटरहेडवर चार ओळी, सही, शिक्का. बोर्डाने कमी टक्के दिले असतील तर अपिलात हाच कागद कामाला येतो. दहा टक्के म्हणजे किती, याचा हिशेब करा. रोजचा सरासरी पगार ४०० रुपये असेल तर अपंगत्व लाभाचा पूर्ण दर ९० टक्क्यांनी ३६० होतो. २० टक्के अपंगत्वाला रोज ७२ रुपये, ३० टक्क्यांना १०८. फरक रोजचा ३६ रुपये, महिन्याचा सुमारे १,०८०, आणि तो मरेपर्यंत. नंतर दुखापत अनपेक्षितपणे बळावली तर फेरतपासणी मागता येते, हेही ध्यानात असू द्यावे.

हाताचे मोल हुन्नरावर ठरते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली एका सुताराच्या मामल्यात सांगितले आहे. ओरिसातल्या जेपूर येथे एका सिनेमागृहात नक्षीकाम करताना तो १९६८ साली पडला आणि त्याचा डावा हात कापावा लागला. मालकाचे म्हणणे, एकच हात गेला, म्हणजे अपंगत्व अंशतः. आयुक्ताने म्हटले की सुतारकाम एका हाताने होत नाही, म्हणजे या माणसापुरते अपंगत्व संपूर्ण. ९,८०० रुपये भरपाई, त्यावर निम्मा दंड आणि व्याज. मालक वरपर्यंत गेला आणि हरला. न्यायालयाने हेही स्पष्ट केले की भरपाईचे देणे अपघाताच्या दिवसापासूनच उभे राहते, निकालाच्या दिवसापासून नाही. विणकर, शिंपी, जरीवाले, खाटीक, लोहार, कोणीही असो, टक्क्यांच्या अपिलात आपल्या हुन्नराचे वर्णन कागदावर आणणे किती जरुरीचे आहे, ते यावरून कळावे. मात्र हा निकाल नुकसानभरपाईच्या कायद्यावरचा आहे, तो ई.एस.आय.च्या प्रत्येक मामल्यात जसाच्या तसा लागेल असे आम्ही म्हणत नाही.

आता पगाराचा विषय. यावर लिहिले की काही दोस्त नाराज होतात, होवोत. आपल्या बाजारात खरा पगार एक आणि वहीतला पगार दुसरा, ही रीत आहे. १९२३ च्या कायद्याचा हिशेब असा होता : महिन्याच्या पगाराचे ६० टक्के, गुणिले वयाप्रमाणे ठरलेला आकडा, आणि त्याचे अपंगत्वाइतके टक्के. चाळीस वर्षांच्या माणसासाठी तो आकडा १८४.१७. खरा पगार १२,००० असेल आणि अंगठा गेला असेल, तर भरपाई ३,९७,८०७ रुपये. वहीत ५,००० लिहिले असतील तर १,६५,७५३. म्हणजे मुनीमजींच्या लेखणीने त्या माणसाच्या अंगठ्यातून सव्वादोन लाखांहून अधिक काढून घेतले. (हिशेबासाठी कमाल पगार १५,००० धरण्याची अधिसूचना २०२० सालची.) मीटरवर काम करणाऱ्याचाही पगार असाच सरासरी काढून धरला जातो. तेव्हा अपिलात पगाराचा खरा पुरावा देणे हा निम्मा लढा आहे.

यावर कारखानदार म्हणतात, सुताचे भाव असे, विजेचे बिल तसे, खरा पगार दाखवून वर्गणी भरायची तर माग भंगारात घालावे लागतील. मंदी आम्हीही पाहिली आहे. पण व्यापाऱ्याने हिशेबाने बोलावे. १२,००० पगारावर मालकाची वर्गणी महिना ३९० रुपये. दहा माणसांची ३,९००. वर जी एका अंगठ्याची भरपाई काढली, ती या दराने दहा माणसांच्या साडेआठ वर्षांच्या वर्गणीइतकी आहे. भरपाई महिनाभरात दिली नाही तर त्यावर बारा टक्के व्याज आणि निम्म्यापर्यंत दंड, असा जुन्या कायद्याचा हुकूम होता. दहापेक्षा कमी माणसे असलेल्यांनाही आता संहितेप्रमाणे मालक आणि बहुसंख्य कामगार राजी असतील तर स्वेच्छेने ई.एस.आय.मध्ये येता येते. ज्यांनी एकाच छपराखालचे माग भाऊ, बायको आणि मेव्हण्याच्या नावावर वाटून माणसे दहाच्या आत दाखवली आहेत, त्यांनी वर्गणी वाचवली आणि सगळी जोखीम स्वतःच्या गळ्यात घेतली. असा सौदा कापडात कोणी केला तर आपण त्याला व्यापारी म्हणणार नाही.

याच्या पुढची रीत म्हणजे आपसातला फैसला. चार बुजुर्ग बसतात, वीस-तीस हजार ठरतात, स्टॅम्पपेपरवर 'यापुढे माझा काही दावा नाही' असे लिहून अंगठा घेतला जातो. कधी तो उरलेल्या हाताचा अंगठा असतो. मालकाला वाटते सुटलो. सुटलेला नसतो. हक्क सोडून देण्याचा असा करार १९२३ च्या कायद्याने रद्दबातल ठरत होता. करार आयुक्ताकडे नोंदवला नाही तर मालकाला पूर्ण भरपाई पुन्हा द्यावी लागे, आणि आधी दिलेल्या रकमेतून साधारणपणे निम्म्याहून जास्त वजावटही मिळत नसे. तीस हजार दिले, त्यातले पंधरा हजारच धरले जाणार. मृत्यूच्या प्रकरणात तर रक्कम आयुक्ताकडेच जमा करावी लागे, विधवेच्या हातात परस्पर दिलेली रक्कम भरपाई म्हणून मोजली जात नसे. तेव्हा ज्या कारागिराने असा कागद लिहून दिला आहे, त्यानेही आपला रस्ता बंद झाला असे समजू नये.

इथे एक गोष्ट नाजूक आहे, पण बोलली पाहिजे. रमजानमध्ये अशा घरांना जकातीतून रक्कम जाते आणि मालकाचे मन हलके होते. मदत करावी, जरूर करावी. पण ज्या कारखान्यात हात गेला त्या कारखान्यावर ते देणे आहे, जसे सुताच्या व्यापाऱ्याचे बिल देणे असते. बिलाची रक्कम आपण जकातीत धरत नाही. कारागिराचा हक खैरातीच्या खात्यात टाकला की खैरातही जाते आणि हकही राहतो. यातला मसला आलिमांनी सांगावा, आम्ही फक्त खातेवहीपुरते बोलतो.

अपिलाला वकिलाचे पैसे कुठून आणायचे, हा पुढचा सवाल. औद्योगिक कामगार आणि अपंग व्यक्ती या दोघांनाही १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या इमारतीत विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते, तालुक्याला समिती असते. वकिलाशिवाय नोंदणीकृत युनियनचा पदाधिकारी कारागिराच्या वतीने उभा राहू शकतो, आणि न्यायालयाने परवानगी दिली तर लेखी अधिकार दिलेली दुसरी कोणतीही व्यक्ती. म्हणजे मोहल्ल्यातला शिकलेला मुलगाही. आपल्या जमातींकडे लग्नाचे हॉल आहेत, मय्यतीचे सामान आहे, पण दाव्याचे कागद नीट लावून देणारा एक माणूस आठवड्यातून दोन तास बसवावा असे कुठे सुचलेले दिसत नाही.

उत्तर प्रदेश, बिहारहून आलेले कारागीर अपघातानंतर मुलूकला निघून जातात आणि तिथेच मुदत संपते. भरपाईचा दावा अपघाताच्या गावीच करावा लागतो अशी समजूत आहे. १९९५ च्या दुरुस्तीनंतर दावा करणारा जिथे राहतो तिथेही तो करता येऊ लागला. अपघातापासून दोन वर्षांची मुदत मात्र चुकवू नये. आणि नावांचा घोळ! आधारवर मोहम्मद, मस्टरवर मो., बँकेत मोहंमद, आणि केसपेपरवर नुसते 'मुन्नाभाई'. हा माणूस एकच आहे, हे सिद्ध करण्यात महिने जातात. आज हात शाबूत असतानाच हे दुरुस्त करून घ्यावे.

अपघाताशिवाय रोगांचाही हक्क आहे, पण तो मागणारा आम्ही क्वचित पाहिला. कापसाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा रोग, ज्याला डॉक्टर बिसिनोसिस म्हणतात, आणि मशीनच्या आवाजाने आलेला बहिरेपणा, दोन्ही कायद्याच्या व्यावसायिक रोगांच्या यादीत आहेत. आपल्याकडे पहिल्यावर टीबी म्हणून वर्षानुवर्षे गोळ्या चालतात आणि दुसऱ्यावर घरचे हसतात. दावा केला तर 'हा खासगी आजार' म्हणून नामंजुरी येण्याचा संभव मोठा. तिथे छातीच्या डॉक्टरचा दाखला आणि किती वर्षे कोणत्या खात्यात काम केले याचा मालकाचा दाखला, या दोन कागदांवर अपील उभे राहते.

जे कारागीर कोणाचे नोकर नाहीत, स्वतःच्या घरी स्वतःचा माग चालवतात, त्यांना यातले काही मिळत नाही. त्यांच्यासाठी बँकेतून वर्षाला २० रुपयांत प्रधानमंत्री सुरक्षा विमा आहे, पण त्याची मर्यादा ओळखावी. एक डोळा, एक हात किंवा एक पाय पूर्ण निकामी झाला तर एक लाख. दोन बोटे गेली तर काही नाही, आणि त्या नामंजुरीवर भांडून उपयोग नाही. पूर्ण हात निकामी होऊनही दावा नाकारला, तर आधी विमा कंपनीकडे लेखी तक्रार करावी. तिचे समाधान झाले नाही तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. मुंबई आणि पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत, फी नाही.

मालकांसाठी शेवटची एक बाब. नोकरीला ठेवतानाच कामगाराला त्याच्या भरपाईच्या हक्काची लेखी माहिती द्यावी, इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत, असे बंधन २०१७ च्या दुरुस्तीने घातले. न दिल्यास पन्नास हजारांपासून एक लाखापर्यंत दंड ठेवला. आमच्या पाहण्यात असा कागद एकाही कारखान्यात आला नाही. मराठीत एक पान लिहावे, खाली तेच उर्दूत. अपघात झाला तर पहिल्या रात्री डॉक्टरला काय सांगायचे, अपघात वहीत कोणी लिहायचे, नामंजुरीचे पत्र आले तर कोणाकडे न्यायचे आणि किती दिवसांत. विजेच्या मीटरशेजारी, जिथे पाळी बदलताना सगळे उभे राहतात, तिथे ते चिकटवावे.